सॅम्पल फ्लॅटचा सुतार

माझा मामा सुतार, पण त्याने केलेल्या सोफ्यावर घरचं म्हणून कुणी कधी बसलं नाही. तो बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट सजवायचा. सोफा वीतभर आखूड, टीपॉय बुटका. पडद्यांना उभे पट्टे, म्हणजे छत उंच वाटतं. उशांवर बारीक चौकडी. तीन भिंती फिक्या आणि समोरची निळी, म्हणजे ती लांब सरकल्यासारखी दिसते. आतल्या खोल्यांना चौकटी आणि दारं बसवायचीच नाहीत, म्हणजे सगळं ऐसपैस. या युक्त्या तो रंगवून सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मग बाबांचे पाय गेले. जिने नको म्हणून आईने लिफ्टची इमारत शोधली, ती नेमकी मामा काम करत होता तीच. लिफ्ट अजून चालू नव्हती, त्यामुळे बाबा फ्लॅट बघायला जाऊच शकले नाहीत. आई हॉल बघून हरखली. बेडरूमच्या मोकळ्या तोंडातून ती चाकाच्या खुर्चीइतके हात पसरून खिडकीपर्यंत चालत गेली. बिल्डरचा माणूस शेजारीच उभा होता.

"येईल ना रे खुर्ची बाहेर?" तिने मामाला विचारलं.

"येईल की," मामा म्हणाला.

युक्त्या तिलाही पाठ होत्या. पण सख्खा भाऊ येईल म्हणतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

आम्ही राहायला गेलो तेव्हा चौकट बसली होती. खुर्ची चार बोटांनी अडली. भिंत काँक्रीटची, तोडायची सोय नाही. बाथरूम आतल्या खोलीला लागून, म्हणून बाबाही आतच. "माझंच मोजायचं चुकलं," आई म्हणाली, आणि बाबांनी ते वाक्य धरूनच ठेवलं. ताट जरा उशिरा गेलं तरी ते तिचं मोजमाप काढायचे. दोन वर्षं ती खालमानेने ऐकत राहिली. मला तिचाच संताप यायचा.

मामाने आमचा हॉल स्वतः सजवून दिला. तोच निळा रंग, तेच पट्टे. दर रविवारी तो यायचा, बाबांना दोन्ही हातांवर उचलून खिडकीशी बसवायचा आणि संध्याकाळी परत आत नेऊन ठेवायचा. मला ती निळी भिंत डोळ्यांसमोर नको व्हायची.

गेल्या रविवारी तो आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरला. मी तिथेच होते.

"ताई, खुर्ची अडणार हे मला तेव्हाच माहीत होतं. तो माणूस समोर होता. पुढच्या तीन इमारतींचं काम त्याच्या हातात होतं. आज भाऊजींना सांगून टाकतो."

आईने गॅस बंद केला. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "माझ्यावर रागावले तरी मी इथेच आहे. तुझ्यावर रागावले तर तुला हात लावू देणार नाहीत. मग त्यांना बाहेर कोण आणणार? माझी कंबर गेलीय."

मामा आत गेला आणि बाबांना उचलून बाहेर घेऊन आला. त्या चौकटीतून त्याला तिरकं व्हावं लागतं.

"बघितलंस?" बाबा त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाले. "तुझ्या ताईला साधं दार मोजता आलं नाही."

"हो ना," मामा म्हणाला.