दुखणं पायाचं, बघितलं तोंड

शेजारीण दाताला लावायची तंबाखूची मिश्री तव्यावर भाजून राहिली की त्या वासानं मला माझा पाय आठवतो. तुरीचा खुट घुसला होता अन् साखरेपायी जखम भरंना. कंधारचा डॉक्टर म्हणला, अंगठा काढावा लागंल. मग लेकानं नांदेडला नेलं. तिथली डॉक्टरीण लई कवळी पोर होती. तिनं पायाला पट्टी बांधली अन् म्हणली, "आजी, आता तोंड उघडा." मी लेकाला म्हणलं, "पाय कुठं अन् तोंड कुठं, हिला कळतंय का रं?" तिनं माझी काळी हिरडी दाबली तर पू आला. म्हणली, "मिश्रीनं हिरड्या नासल्यात आजी. इथं पू असला की साखर लवकर उतरत नाही, जखम भरत नाही. हे आम्हालाही आता आता कळून राहिलंय." दात पक्के ऱ्हावेत म्हणून मला मिश्री लावायला सासूनंच शिकवलं होतं. दोन दात काढले, हिरड्या साफ केल्या, साखरेच्या सुया चालूच ठेवल्या, अन् अंगठा वाचला. सासूचा पाय मात्र मागं असाच नासला होता अन् ती गेली. तिचा पाय समद्या गावानं बघितला, पण तोंड उघड म्हणून कुणीच म्हणलं न्हाई. आजबी वास आला तशी मी भिंतीआडून वरडले, "बाई, तव्याखालचा जाळ काढ आधी!"