बंद मशीनवरून आलेलं गाव

आधी चूक सांगतो, मग अनुभव. चूक माझी होती आणि मी ती दुसऱ्याच्या माथी मारली. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... पण हे माझ्यासमोर घडलं.

मी नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. जोडीला मुलांसाठी गेम सर्व्हर चालवतो. त्याचं एक पॅनल असतं — म्हणजे वेबसाइटच. ठिकठिकाणची मशीन त्याला जोडायची आणि खेळ त्या मशीनवर चालवायचे. मशीन चालू असलं की नावापुढे हिरवा दिवा, बंद असलं की लाल. माझी दोन मशीन लातूरला बसवराजच्या मोबाईलच्या दुकानात फळीवर होती. त्यातल्या एकावर तिथल्या मुलांनी खेळातल्या ठोकळ्यांचं अख्खं गाव उभं केलं होतं. शाळा, तळं, बाजार... दोन वर्षं खपून.

दुसरं मशीन पुसून नव्यानं लावायचं होतं. बसूला मी फोनवरून सांगत होतो.

"दादा, डावीकडलंच ना? एकदा व्हिडिओवर बघता का?"

"अरे, मीच लावलंय ते. सांगतो तेवढं कर."

मी ती मशीन मागून, वायरी जोडताना पाहिलेली. समोरून डावं-उजवं उलटं होतं. गाव गेलं. बॅकअपही त्याच मशीनवर ठेवायची अक्कल माझीच.

पालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, बसूनं चुकीचं मशीन पुसलं. त्याच्या कानावर गेलंच. तो भांडला नाही. मशीन परत पाठवून दिली आणि बोलणं सोडलं. मुलं त्याच्या दुकानाची पायरी चढेनाशी झाली.

त्या मशीनची डिस्क काढून मी सगळे उपाय केले. काही मिळालं नाही.

मग इथं नांदेडला नवीन मशीन घेतलं. भर दुपारी ते पॅनलला जोडत होतो. त्याचा दिवा हिरवा झाला... आणि खालच्या ओळीतला, लातूरच्या त्या पुसलेल्या मशीनचाही. उघडून पाहिलं तर गावाच्या सगळ्या फाइल जागच्या जागी. मी बायकोला हाक मारली.

"चालू असेल मशीन," ती म्हणाली.

"मशीन पलंगाखाली आहे. आणि त्याची डिस्क ही बघ — माझ्या हातात."

ती डिस्ककडे बघत राहिली, मग स्क्रीनकडे. "मग बघत काय बसलात? आधी उतरवून घ्या."

मी ते गाव नव्या मशीनवर हलवायला लावलं. स्क्रीनवरची पट्टी हळूहळू भरत गेली. पूर्ण झाली आणि जुना दिवा लाल झाला. पुन्हा कधी हिरवा झाला नाही. गाव मात्र आलं होतं. तळ्यासकट.

पॅनलच्या नोंदींमध्ये त्या मशीनचा पत्ता बसूच्या दुकानाचा दिसत होता. धीर करून फोन लावला.

"बसू, फळीवर काही चालू आहे का रे?"

"न्हाई. मोबाईलची कव्हरं ठेवलीत तिथं." जरा थांबून म्हणाला, "का? अजून काई पुसलं का म्या?"

मी फोन ठेवून दिला.

जाणकारांना विचारून झालंय. बंद मशीनमधून, पुसलेल्या डिस्कवरून काही येऊ शकत नाही, हे मलाही कळतं. तरी गाव आलं.

पण गाव आलं त्या संध्याकाळी मुलं पुन्हा खेळायला लागली आणि पालकांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "बसूनं घालवलं, सरांनी परत आणलं." खाली अंगठे, हारतुरे. ते वाचून मी ताट बाजूला सारलं. गाव परत मिळालं होतं, आणि आता माझं खोटं कायमचं पक्कं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी लातूरची बस धरली. मुलांना आणि पालकांना दुकानावरच बोलावलं होतं. गर्दी बघून बसू गोंधळला.

"बसा दादा, चहा सांगतो," माझ्याकडे न बघता म्हणाला.

"चहा नंतर. आधी ऐक." मी सगळ्यांकडे वळलो. "यानं मला विचारलं होतं. मी न बघता सांगितलं. गाव मी घालवलं आणि नाव याचं सांगितलं. बसू, लई चुकलं माझं. मला माफ कर."