अंगी लागलेली गोळी

"चढ बेटा," आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे. मूल वजनकाट्यावर चढलं की आकडा मोठ्यानं वाचायचे आणि मग, "उतर बेटा." तोवर कुणी उतरायचं नाही. दुखणं मनाचं आणि हा माणूस पोरांना तोलत बसतो, असं तुम्हालाही वाटलं असतं. पडेगावच्या त्या दवाखान्यात आकडे लिहायला मी होते, मलाही वाटायचं.

"या गोळ्यांनी भूक सुटते," ते सांगायचे. "पोराचं मन सावरताना अंग बिघडवायचं नाही." लहान मुलाला अशी गोळी लिहिताना त्यांचं पेन कागदावर बराच वेळ अडून राहायचं.

दुष्काळात पिशोरकडची एक मेंढपाळ बाई तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन यायची. मुलीच्या कानात माणसं बोलायची. दोन महिन्यांत ती माणसं गप्प झाली. बाई म्हणाली, "गोळी लई अंगी लागली, साहेब."

साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, गुण आला. बाई मात्र वेगळंच सांगत होती. टँकरच्या पाण्यावर तगलेल्या तिच्या घरात एक पोर अंगानं भरली होती.

पुढच्या खेपेला तिच्या कडेवर पाच वर्षांची धाकटी होती, मान एका बाजूला वळून ताठ झालेली.

"ही लई वाळली व्हती. थोरलीची अर्धी हिला बी देत व्हते."

साहेबांनी गोळीचा असर उतरवणारं इंजेक्शन दिलं. तासाभरात मान सुटली. ते बाईला एवढंच म्हणाले, "चूक माझी. मी विचारायला हवं होतं." बाई खाली मान घालून गेली ती आलीच नाही.

तेव्हापासून ते प्रत्येक आईला विचारायचे, "ही गोळी घरात आणखी कोण खातं?" आणि संध्याकाळी मला, "पिशोरची आली का?" एसटीच्या कंडक्टरकडे दोनदा निरोप धाडला. ते कुटुंब मेंढरं घेऊन कुठं गेलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दवाखान्याभोवतीच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या. गेल्या साली साहेब वारले. त्यांच्या खुर्चीवर आता दुपारी नवे डॉक्टर बसतात.

मागच्या महिन्यात सकाळीच ती बाई आली, चार वर्षांनी. "साहेब रागं भरतील म्हनून आले नाय. धाकटी साळंत जाती. ह्या थोरलीचीच गोळी सुटली."

साहेब तुझी वाटच बघत होते, आता ते नाहीत, हे तिला सांगताना मला रडू आवरलं नाही.

थोरली काटकुळी झालेली, स्वतःशीच पुटपुटत होती. न सांगताच चप्पल काढून ती काट्यावर चढली. मी आकडा वाचला, लिहिला.

"उतर बेटा," मी म्हणाले.

ती साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तशीच उभी राहिली.