बापाने न प्यायलेली दारू

"हिचे वडील दारू पिऊन गटारात पडलेले असायचे. ही एवढीशी पोर कंदील घेऊन त्यांना शोधायला जायची."

नलिनीताई माइकवर बोलत होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी. समोर चर्चची अख्खी मंडळी. पुढच्या बाकावरच्या बायकांनी रुमाल काढले.

कंदील! आमच्या घरात कंदील कधी नव्हताच. आरे कॉलनीत तबेल्यांच्या मागे आमची खोली. तिथं माझ्या जन्माआधीपासून लाइट आहे. आणि माझ्या बापानं दारूला आयुष्यात तोंड लावलेलं नाही. तंबाखू मळतो. तेवढंच.

ताईंनी माझ्या कोपराला हळूच चिमटा घेतला. म्हणजे मान खाली घाल. मी घातली. मंडळी म्हणाली, "आमेन."

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.ए., समाजशास्त्र, फर्स्ट क्लास. हे मुद्दाम लिहितेय. कारण त्या व्यासपीठावर हे कधीच कोणी सांगितलं नाही.

आमच्यात साक्ष देतात. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. ज्याची त्यानं. माझी मात्र नलिनीताई द्यायच्या.

अंधेरीच्या आमच्या चर्चमध्ये बायकांना सेवेसाठी तयार करायचा उपक्रम सुरू झाला होता. एका जाणत्या बाईनं एका मुलीला हाताखाली घ्यायचं, दोन वर्षं शिकवायचं. मग मंडळी त्या मुलीची सेमिनरीला, म्हणजे धर्मगुरूंच्या कॉलेजला, शिफारस करणार. शिफारस नसेल तर सेमिनरी दारात उभं करत नाही. मला पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, व्हायचं होतं. माझी आई हॉस्पिटलात वारली, तेव्हा चर्चची एक सेविका रात्रभर आमच्याजवळ बसली होती. धर्म विचारला नाही, जात विचारली नाही. नुसती बसली. मला ते काम करायचं होतं. अजूनही करायचंय.

नलिनीताई कॉलेजातून व्हाइस प्रिन्सिपल म्हणून रिटायर झालेल्या. चार पिढ्यांच्या ख्रिस्ती. चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर त्यांच्या पणजोबांचं नाव. आम्ही नवे. आमच्या मंडळीत तोंडानं कोणी जात काढत नाही. "तुम्ही मूळचे कुठल्या मिशनचे?" एवढंच विचारतात. तुम्ही घुटमळलात की त्यांना काय ते कळतं.

ताईंनी मला शिकवलं नाही असं म्हणणार नाही. शास्त्रपाठ कसा वाचायचा, कुठं थांबायचं, मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून काय बोलू नये, हे सगळं त्यांचंच. म्हणून तर जास्त अडकले. वाईट माणसाच्या हातून सुटता येतं. शिकवणाऱ्याच्या हातून कसं सुटायचं?

व्यासपीठावरून उपदेश मात्र मला एकदाही करू दिला नाही. "आधी मोड, मग घडशील," म्हणायच्या. मोडणं म्हणजे खुर्च्या लावणं, चहा करणं, त्यांची पर्स धरून पाठीमागून चालणं.

दारू आली कुठून, तेही सांगते. माझा बाप तबेल्यात कामाला. मध्यरात्री उठून म्हशींची धार काढायची, शेण ओढायचं, दुधाचे कॅन गाडीत चढवायचे. तेवढं उरकून, अंघोळ करून रविवारी चर्चला यायचा. शेवटच्या बाकावर बसायचा. डोळे लाल. उपदेश सुरू झाला की झोकांड्या जायच्या. ताईंनी ते पाहिलं आणि माझ्या साक्षीत दारू ओतली.

पहिल्याच वेळी मी त्यांना म्हटलं होतं, "ताई, माझे वडील पीत नाहीत."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "लाज वाटते ना तुला? वाटणारच गं. ती लाज देवाला देऊन टाक."

बोला आता. नाही म्हटलं तर ती लाज. गप्प बसलं तर कबुली. दार कुठल्याही बाजूनं ढकला, बंदच.

मग ती साक्ष फिरायला लागली. गोरेगावला सभा झाली, तिथं. मुलुंडला बायकांचं शिबिर, तिथं. बाहेरगावचे पाहुणे आले की हमखास. बायका माझ्या गालाला हात लावायच्या. "कसं गं सोसलंस?" एकीनं भाचीचे जुने ड्रेस आणून दिले. चर्चच्या तरुण संघातला एक टग्या रोज विचारायचा, "काय मॅडम, पप्पा आज देशी की विलायती?" सगळे फिदीफिदी.

शेवटी घरी सांगितलं. बाप जेवत होता. घास चावून झाल्यावर म्हणाला, "तुझं काम होतंय ना त्यानं?"

"होतंय."

"मग म्हणू दे की. माझ्या अंगाला काय भोकं पडतात का?"

आणि पुढच्या रविवारीही आला. त्याच बाकावर बसला. फक्त आता झोप येऊ नये म्हणून स्वतःच्या मांडीला चिमटे काढत बसला. मी पुढून बघत होते. तो माझ्यासाठी जागा होता.

दोन वर्षं संपत आली. महिला रविवार होता. त्या दिवशी मंडळीसमोर माझी शिफारस जाहीर होणार होती. नलिनीताईंनी निरोप दिला, "वडिलांना घेऊन ये. उपासनेआधी पाळकांच्या खोलीत."

गेलो. बापानं पांढरा शर्ट घातलेला, कडक इस्त्रीचा. ताईंनी त्याला नखशिखांत पाहिलं. म्हणाल्या, "साधा शर्ट नव्हता का दुसरा?"

मग त्यांनी त्याला एक वाक्य दिलं. म्हणा, प्रभूनं माझी दारू सोडवली.

बाप म्हणाला.

"मोठ्यानं, भाऊ. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

बाप मोठ्यानं म्हणाला. दोन्ही हात जोडून. शाळेत न गेलेला माणूस पहिल्यांदा बाईंसमोर उभा होता, आणि धडा हा.

त्याची जीभ अडखळत होती. ताई कंटाळल्या. घड्याळ बघत माझ्याकडे वळल्या. "तू म्हणवून घे गं त्यांच्याकडून. तुला जमेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही म्हणवून घेणार."

"नाही म्हणजे?"

"ते पीत नाहीत, ताई. कधीच पीत नव्हते."

"अगं, मला माहितीये."

शांतपणे म्हणाल्या. पदर सारखा करत. "मला केव्हाच कळलंय. पण लोकांना डोळ्यांसमोर काहीतरी लागतं ना. आणि तुमच्या लोकांत कोणी ना कोणी पीतच असतं की. त्यांची साक्ष समज."

तुमच्या लोकांत. इतके दिवस मला वाटत होतं, त्यांचा गैरसमज झालाय, मी नीट सांगितलं की जाईल. गैरसमज नव्हताच. माझा बाप त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्यांना दिसत होती वस्ती. कोणीही चालला असता.

बाप मध्ये पडला. "ताई, मी म्हणतो. पोरगी लहान आहे, तिचं मनावर घेऊ नका." माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "एकच वाक्य आहे गं."

एकच वाक्य. त्यानंतर सेमिनरी, पाळकपद, सगळं.

उपासना सुरू झाली. आमचं नाव पुकारलं. ताई उठायच्या आत मी चढले आणि माइक हातात घेतला.

"माझ्या वडिलांनी दारू कधीच प्यायली नाही. ते तबेल्यात राबतात. इथं त्यांना झोप येते, कारण ते मध्यरात्रीपासून जागे असतात. दोन वर्षं या जागेवरून त्यांच्याबद्दल खोटं सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यांना ते खोटं आहे हे माहीत होतं."

पाळकांनी पेटीवाल्याला खूण केली. पेटी सुरू झाली. गाण्याचा नंबर सांगितला, मंडळी उठून गायला लागली. माझा आवाज त्यात बुडाला. पण बोलून झालं होतं.

शिफारस झाली नाही. चर्चची समिती म्हणाली, स्वभावात नम्रता नाही. नलिनीताई पायरीवर भेटल्या. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. "मी तुझ्यासाठी काय नाही केलं गं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आरेच्या बसमध्ये बाप खिडकीशी बसला. म्हणाला, "माझ्यासाठी केलंस की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यानं मान हलवली. रागावला होता. अजून आहे. आपल्यामुळे पोरीचं वाटोळं झालं, असं त्याला वाटतं.

लोक म्हणतात, दुसरं चर्च बघ, यार. का बघू? मी दर रविवारी तिथंच जाते. तरुण संघातले माझ्याशी बोलत नाहीत. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी असते. बसते मी.

ताईंच्या हाताखाली आता नवीन मुलगी आलीये, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून. परवा तिची पहिली साक्ष झाली. म्हणजे ताईंनी दिली. त्यात तिची आई घर सोडून पळून गेलेली. उपासना सुटल्यावर सगळ्यांच्या देखत मी तिला गाठलं. "आई खरंच पळून गेली?"

ती खाली बघत म्हणाली, "नाही. घरीच आहे. पापड लाटते."

"मग पुढच्या वेळी माइक तू घे. मी खाली पहिल्या बाकावर बसलेली असेन. पेटी वाजली तरी थांबू नकोस."

तिनं हो म्हटलं नाही. घाबरलीये. मीही दोन वर्षं घाबरलेलीच होते. पण मी दर रविवारी तिला हेच सांगणार आहे. शिफारशीसाठी दर वर्षी अर्ज करणार आहे. नाकारतील, तर का नाकारलं ते मंडळीसमोर उभं राहून वाचून दाखवायला लावणार आहे. चर्च ताईंच्या पणजोबांनी बांधलं असेल. त्यातून मी बाहेर जाणार नाही.