हरी मेस्त्रीचा कान

तोंडवलीत कुणी सेकंडहँड गाडी घ्यायला निघाला की नारळ दोन घ्यायचा. एक देवाला आणि दुसरा हरी मेस्त्रीला. देव कधीमधी चुकेल, पण हरी मेस्त्री चुकायचा नाही, असं गाव उघड म्हणे, आणि देवानेही कधी त्याचा राग धरला नाही.

कागदावरचं नाव हरिश्चंद्र तांडेल. उभा जन्म ट्रॉलरच्या पोटात, डिझेल इंजिनांच्या उरावर बसून गेला. संध्याकाळी पडवीत चहा पिता पिता समुद्राकडून ट्रॉलरचा आवाज आला की हा कप खाली न ठेवताच सांगायचा, "गंगाराम इलो. नोझल गेलो हा त्येचो." घटकाभराने गंगाराम घामाघूम होऊन दारात उभा आणि म्हणतोय, "मेस्त्री, इंजिन असा कित्या करता बघ मरे."

गाड्यांचंही तसंच. कणकवली असो, सावंतवाडी असो, जुनी डिझेल गाडी बघायला लोक त्याला घेऊन जात. त्याची रीत ठरलेली. बॉनेट उघडायचं, गाडी सुरू करायला लावायची, सगळ्यांना गप्प बसवायचं. मग हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढून टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. दोन मिनिटांनी निकाल. "घेवा" नाहीतर "नुको". तिसरा शब्द नाही.

हा कान गेला.

एका दिवसात गेला नाही. आधी रातकिडे गेले. मेस्त्रीला वाटलं, यंदा किडे कमी झाले. मग कुकरची शिटी गेली. आणि एका संध्याकाळी पडवीत बसलेली माणसं एकाएकी उठून किनाऱ्याकडे बघायला लागली, तेव्हा त्याने मान वळवली, तर गंगारामाचा ट्रॉलर पार जवळ येऊन उभा. त्या दिवशी माणसं गेल्यावर हरी मेस्त्री आत जाऊन ढसाढसा रडला.

कुणाला सांगितलं नाही. हात गेलेला मेस्त्री दुसऱ्याच्या हातांकडून काम करून घेईल, पण कान गेलेल्या हरी मेस्त्रीत उरतं काय? बायको काशीबाई असती तर तिने एका दिवसात पकडला असता, पण तिला जाऊन चार वर्षं झाली होती. मग झाकली मूठ सव्वा लाखाची. माणसं हसली की हसायचं, ओठांकडे बघून बोलणं ओळखायचं. गाडीचा धूर बघायचा, तेलाचं झाकण उघडून वास घ्यायचा, आणि स्क्रू-ड्रायव्हर नुसता दाखवायला कानाला लावायचा. नाव हरिश्चंद्र, आणि दोन वर्षं हे नाटक. पण अनुभव दांडगा, त्यामुळे निभावलं.

निभावलं नाही ते स्वतःच्या मुलीच्या वेळी.

तेजस्वी कणकवलीला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. सकाळची यष्टी, संध्याकाळची यष्टी. शेवटची चुकली की मैत्रिणीकडे मुक्काम, आणि इकडे बाप दोघांचा भात झाकून वाट बघत बसलेला. मैत्रिणी म्हणायच्या, तिथेच खोली घे. ती म्हणायची, बाबांना एकटं ठेवून नाही. म्हणून गाडी. रोजचं जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, तेव्हा डिझेलच हवी. आणि छोट्या डिझेल गाड्या आता नव्या निघत नाहीत, म्हणजे जुनीच बघणं आलं. चार वर्षं पै पै साठवून ती इथवर पोचली होती. गाडी धड मिळाली तर लेक रोज रात्री घरात दिसणार, नाही मिळाली तर खोली ठरलेली. हरी मेस्त्रीला दुसरं काही नको होतं.

हल्ली ती बोलताना अगदी समोर स्टूल ओढून बसे, दिव्याखाली, आणि शब्द न् शब्द मोठ्याने उच्चारी. हॉस्पिटलात म्हाताऱ्यांशी बोलून सवय लागली असणार, असं त्याने धरलं होतं.

"बाबा, दोन बघितलंय. एक पांढरी, एक राखाडी. पांढरी उंच आसा, दगड खाली लागाचे नाय. राखाडी लिटराक दोन किलोमीटर जास्ती देता. एसी पण बरो."

"रोजच्या गाडयेचा रूप बघू नये गो," मेस्त्री खुलला. "आधी खाली वाकान बघूचा, खाऱ्या वाऱ्यान पत्रो खाल्ल्यान काय ता. क्लच बघूचो. पार्ट कणकवलीत गावतत काय ता इचारूचा. एसी काय, काच खाली केली की वारोच वारो."

तासभर तो बोलला. ज्ञान सगळं जागच्या जागी होतं. शेवटी सवयीने म्हणाला, "आणि इंजिनाचा काय ता मी थंय आयकान सांगतंय." म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर उगाच पुसत बसला.

मे महिन्यातल्या एका रविवारी ते कणकवलीला गेले. सोबत गंगाराम आणि गावातले आणखी दोघे, कारण हरी मेस्त्री गाडी ऐकतो ही बघण्यासारखी गोष्ट होती. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या रविराजने दोन्ही गाड्या सावलीत लावून ठेवल्या होत्या. मेस्त्री पाठीवर झोपून खाली शिरला. राखाडीचा पत्रा दोन ठिकाणी गंजलेला, पांढरीचा स्वच्छ. धूर दोघींचाही साफ.

राखाडी सुरू केली. सगळे गप्प झाले. स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. काही नाही. पांढरी सुरू केली. तेच. भीतीने हात इतका कापत होता की थरथर इंजिनाची की आपली, तेही त्याला कळेना. दोन वर्षं ज्या डोळ्यांनी कानाचं काम केलं, ते त्याने ऐन वेळी मिटून घेतले. उघडे ठेवले असते तर समोरच्यांच्या चेहऱ्यांवर सगळं वाचायला मिळालं असतं. पण हरी मेस्त्री डोळे मिटूनच ऐकतो ना!

डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. रविराजची मान तेवढी खाली होती.

"पांढरी घे," मेस्त्री म्हणाला.

गंगारामाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी तेजस्वी घाईने म्हणाली, "बाबांनी सांगितल्यानी ना? मगे पांढरीच."

दुसऱ्या दिवशी अंगणात गाडीला हार घातला. गावच्या वडीलधाऱ्याने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची गाडी सांभाळ, रोज जातली-येतली तिका सुखरूप घराक पोचव. माणसांचे ओठ हलले तसे मेस्त्रीचेही हलले, "व्हय म्हाराजा!" मग तेजस्वीने गाडी सुरू करून नारळावरून फिरवली. माणसं एकमेकांकडे बघत होती. मेस्त्रीला वाटलं, कौतुकाने बघतात. त्या दिवशी तो फार सुखात होता.

दिवस गेले. तेजस्वी रोज रात्री घरी येऊ लागली. "गाडी कशी चलता?" विचारलं की म्हणायची, "मस्त." सकाळी मात्र पूर्वीपेक्षा लवकर निघायची. कामावर लवकर बोलावतात, म्हणायची. नारळी पुनवेच्या आधी दरवर्षी इंजिन ऐकवायला येणारा गंगाराम यंदा आला नाही. दुसराही कुणी आला नाही. मेस्त्री पडवीत बसून रस्त्याकडे बघे आणि स्वतःची समजूत घाली की यंदा लोकांची इंजिनं बरी चालतायत.

श्रावणातल्या एका सकाळी तेजस्वीने गाडी सुरू केली आणि डबा राहिला म्हणून घरात गेली. समोरची काच पुसावी म्हणून मेस्त्रीने फडक्यासाठी दाराच्या कप्प्यात हात घातला. फडक्याबरोबर कागदांचा जुडगा बाहेर आला. यष्टीची तिकिटं. वाटेतल्या आचऱ्याहून कणकवली, कणकवलीहून आचरा. कालचं होतं, परवाचं होतं, जूनमधलंही होतं.

तो तिकिटं हातात धरून उभा राहिला. गाडी असताना यष्टी कशाला? त्याने बॉनेटवर तळवा टेकला. मग बॉनेट उघडलं आणि पडवीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला.

शेजारी दुसरं इंजिन धडधडत असलं की ट्रॉलरवर कानाचा उपयोग नसतो. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातात धरायची, ही युक्ती त्याला परशुराम मेस्त्रीने, त्याच्या उस्तादाने, शिकवली होती. दोन वर्षांत ती आठवली नव्हती असं नाही. पण चारचौघांत दातात स्क्रू-ड्रायव्हर धरणं म्हणजे कान गेल्याची दवंडी पिटणं. आता अंगणात कुणी नव्हतं. त्याने टोक इंजिनावर ठेवलं आणि मूठ दातात घट्ट धरली.

ठण्. ठण्. ठण्. जबड्यातून थेट कवटीत. बेअरिंग गेलेलं. हा ठोका त्याने हजार वेळा ऐकला होता आणि तो ऐकायला मेस्त्री लागत नाही, तीन घरांपलीकडे कळतो. म्हणजे रविराजला कळला होता. गंगारामाला कळला होता. अंगणात व्हय म्हाराजा म्हणणाऱ्या प्रत्येकाला कळला होता. आणि तेजूला तर पहिल्याच मिनिटाला. गाडी रोज कणकवलीपर्यंत टिकणार नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. चार वर्षांची पुंजी तिने त्याच्या दोन शब्दांवर ओतली, चार माणसांत त्याची मान खाली जाऊ नये म्हणून, आणि गाडी आचऱ्याला ठेवून यष्टीने जात राहिली.

तेजस्वी डबा घेऊन बाहेर आली. त्याने स्क्रू-ड्रायव्हर दातातून काढून झटकन कानाला लावला. तिकिटं खिशात सारली. लाजेने त्याला मरून जावंसं वाटत होतं.

ती समोर येऊन उभी राहिली. उजेडात, तोंड त्याच्याकडे करून, शब्द न् शब्द मोठ्याने.

"काय म्हणता इंजिन, बाबा?"

"तूच सांग. कसो आसा आवाज?"

"मस्त. तुमचो कान म्हणजे कान."

"तर!" मेस्त्री म्हणाला. बॉनेट खाली घेतलं, त्यावरून दोनदा फडकं फिरवलं. ती गाडीत बसली तेव्हा खिडकीशी वाकला.

"तेजू, एक कर गो. गाडी आचऱ्यापर्यंतच व्हर. फुडे यष्टी बरी."

तेजस्वीचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मग तिने तोंड पलीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते आणि ती काहीतरी बोलत होती, बराच वेळ बोलत होती. पण तोंड पलीकडे होतं, आणि हरी मेस्त्रीला त्यातला एकही शब्द कळला नाही.