मामा वाकला तेव्हा

"ससुर होगा," चौकीदार म्हणाला.

"नइ, बाप ए. छोड़ के भाग गे रिहिस," चहावाली बाई ठामपणे म्हणाली.

तिसरे, आमच्या तालमी चालायच्या त्या शाळेचे वायरमन. त्यांनी बराच विचार केला आणि विचारलं, "मैडम, वो डंडे वाला पुलिस है क्या?"

नाचाचा शेवटचा प्रसंग दाखवून मी तिघांना विचारलं होतं, हा काठीवाला त्या तरुणाचा कोण? मी हातातली वही मिटली. शेजारच्या खुर्चीत वसंतकाकाजी बसले होते. त्यांनी सावकाश पानाचा डबा उघडला आणि इतक्या समाधानानं पान लावलं की मला तो डबा खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

"मी काय म्हणून राहिलो होतो?" ते म्हणाले. "शब्दाबिगर नाही कळत लोकाइले."

मी रायपुरात तीस वर्षं नाच शिकवला. ही गोष्ट छत्तीसगड राज्य नवं झालं त्या काळातली. राजधानी झाल्यामुळे शहराला अचानक कार्यक्रम हवे होते, आणि सरकारी कार्यक्रमात आमच्या ग्रुपला चाळीस मिनिटं मिळाली होती. मी ठरवलं, बॅले करायचा. बॅले म्हटलं की लोकांना पंजावर उभ्या राहणाऱ्या गोऱ्या मुली दिसतात. माझ्या लेखी अर्थ साधा आहे: एक सलग गोष्ट, पूर्णपणे नाचातून सांगितलेली. कुणी बोलायचं नाही.

गोष्ट घेतली होती काकाजींच्या आजोबांनी लिहिलेल्या जुन्या नाटकाची. आमच्या मराठी मंडळाचं ते अभिजात नाटक. तीन पिढ्या ते दर गणपतीत होत आलंय आणि त्याला सगळे 'मामाचं नाटक' म्हणतात. एक गर्विष्ठ मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार. बहिणीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून यानं तिचं नाव टाकलं. वीस वर्षांनी त्याच्या घरी एक तरुण कामाला लागतो. हा त्याला छळ छळ छळतो आणि शेवटी कळतं, तो त्याच बहिणीचा मुलगा. नाटकात तिथे मामाचं सात मिनिटांचं स्वगत आहे. काकाजींनी तीस वर्षं ते म्हटलं. रेल्वेतल्या नोकरीपेक्षा त्यांना त्या सात मिनिटांचा अभिमान जास्त.

परवानगी त्यांनी दिली, पण अट घालून. शेवटचा प्रसंग लोकांना कळला नाही, तर त्यांच्या आवाजातलं स्वगत मध्ये वाजवायचं. कॅसेट तयार होती. सदऱ्याच्या खिशात घालूनच ते तालमीला यायचे.

सात मिनिटं कॅसेट, तीही मराठीत, आणि तोवर नाचणाऱ्यांनी काय करायचं? खांबासारखं उभं राहायचं. नऊ महिन्यांच्या मेहनतीचं पाणी होणार होतं. माझी झोप उडाली होती.

नाचातून राग दाखवता येतो, प्रेम येतं, भूकसुद्धा येते. नातं दाखवणं फार अवघड. 'हा माझ्या बहिणीचा मुलगा' हे हाताच्या कुठल्या मुद्रेत सांगणार? मी आधी बहिणीची राखी दाखवली. मग गोल बाजारातून एक हिरवी शाल आणली. बहिणीच्या खांद्यावरची शाल शेवटी मुलाच्या हातात. चहावाली म्हणाली, "बहू के होही," म्हणजे सुनेची असेल. तिनं आमची गोष्ट तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा नवंच नातं काढलं.

मामाचं काम करत होते खेमलाल भैया. वीज मंडळात लाइनमन, वय चाळिशीचं. तरुणपणी गावोगावच्या नाच्यात, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, काम केलेलं. मराठी शब्द येत नव्हता, पण उभे राहिले की मालगुजार वाटायचे. भाचा होता रोहन, शंकर नगरच्या मराठी घरातला मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. काकाजी त्याला मराठीत झापायचे, तो हिंदीत "जी काकाजी" म्हणायचा.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना, एका दुपारी आम्ही मार्किंग करत होतो. मार्किंग म्हणजे जीव न लावता नुसत्या जागा आणि मोजणी पक्की करणं. खेमलाल भैया थेट ड्युटीवरून आले होते. शेवटचा प्रसंग आला. मी आठ आकडे मोजले. आठव्याला रोहननं मामाच्या पायाशी वाकायचं आणि मामानं त्याला उचलून छातीशी धरायचं, असं बसवलं होतं.

रोहन वाकला. खेमलाल भैयाही वाकले. दोघांची डोकी टणकन आपटली.

"भैया, आप क्यों झुके? झुकना रोहन को है!" मी ओरडले.

ते कपाळ चोळत ओशाळून म्हणाले, "गलती होगे दीदी. भांचा हे न, त हाथ अपने-आप चल दिस."

तेवढ्यात दारातून किटली घेऊन आलेली चहावाली जागच्या जागी थांबली. "अरे! त ए हर मामा ए!" ती म्हणाली. "पहिली काबर नइ बताएव?" आधी का नाही सांगितलं, म्हणून ती माझ्यावरच चिडली.

मी मटकन स्टूलवर बसले.

छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो. हा मुलूख रामाचं आजोळ, म्हणून इथे प्रत्येक भाचा रामाच्या जागी. भाचा सहा वर्षांचा असो नाहीतर साठचा, मामा वाकतो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझा जन्म रायपूरच्या जुन्या भागातला, पुरानी बस्तीतला. शेजारच्या घरी पांढऱ्या मिशांचे मामा शेंबड्या पोराच्या पाया पडताना पाहून आम्ही बहिणी फिदीफिदी हसायचो. पण घरात शिरताना चपला बाहेर काढतात तसं ते सगळंही आम्ही बाहेरच ठेवायचो. नाटक मराठी, म्हणून माझं डोकंही मराठीच चाललं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लाज वाटली, आणि आनंद तर इतका झाला की मी त्या चहावालीला मिठीच मारली. किटली थोडी सांडली.

काकाजी मात्र भडकले. "आपला मामा भाच्याच्या पाया पडन? काहून? माह्या आज्यानं लिहिलेलं नाटक आहे हे!"

"काकाजी, तुमचे आजोबा राहत कुठे होते?"

"पुरानी बस्तीत."

"शेजारी कोण होतं?"

ते पान चघळत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मी साउंडवाल्याच्या बाजूले बसतो, कॅसेट घेऊन. हॉलले नाही समजलं तर हात वर करीन. मग मले बोलू नको."

माझं खरं काम तिथून सुरू झालं. आमच्या धंद्यात एक हालचाल मोठी करायची असेल, तर ती आधी कुठेच खर्च करायची नाही. मी पहिल्यापासून मामाचं सगळं वाकणं काढून टाकलं. काठी पडली तर दुसऱ्यानं उचलायची. जोडे नोकरानं चढवायचे. देवापुढेसुद्धा नुसते हात जोडायचे. चाळीस मिनिटं पाठ ताठ. खेमलाल भैया म्हणाले, "दीदी, एकर ले त खंभा म चढ़ना सरल हे." मी म्हटलं, खांबावर टाळ्या मिळत नाहीत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. पुढे मंडळाच्या बायका, मागे खेमलाल भैयांच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सगळी माणसं. मी विंगेत होते. शेवटचा प्रसंग आला. तबला थांबला. रोहननं शाल पुढे केली. खेमलाल भैयांनी ती ओळखली. काठी सुटली, आणि ती ताठ पाठ हळूहळू वाकायला लागली.

हॉलमध्ये चिडीचूप. मी मनात मोजत होते. एक. दोन. तीन. समोर काकाजींचा हात वर गेला.

साउंडवाल्यानं बटणाकडे हात नेला, आणि काकाजींचा तो वर गेलेला हात फाडकन त्याच्या मनगटावर बसला. त्याच क्षणी मागून कुणीतरी ओरडलं, "भांचा ए गा!" आणि टाळ्यांचा नुसता पाऊस. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणत होती, "भाचा आहे गं त्याचा, भाचा!" आणि पदरानं डोळे पुसत होती. मीही रडत होते, हसतही होते.

काकाजी ग्रीन रूममध्ये आले. खेमलाल भैयांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तीस वर्षं मी सात मिनिटं बोलून राहिलो. तू नुसता वाकला, अन् झालं!" खेमलाल भैयांना शब्द कळले नसावेत, पण ते "हव काकाजी" म्हणाले.

पुढच्या गणपतीत मंडळानं मूळ नाटक केलं, शब्दांसकट. सत्तरी ओलांडलेल्या काकाजींनी हट्टानं पुन्हा मामा केला, भाचा रोहनच. सात मिनिटांचं स्वगत त्यांनी स्वतःच्या हातानं कापून दोन वाक्यांवर आणलं आणि रोहनच्या पायाशी वाकले. वाकले ते वाकलेच. गुडघे आखडले. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! टाळ्या थांबेनात. खालून काकाजींचा दबका आवाज पहिल्या तीन रांगांना स्पष्ट ऐकू आला, "उचल बे पोट्ट्या, उचल!"

"हो मामा," रोहन म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं आपणहून बोललेलं मराठी.

तेव्हा शब्द काढून टाकायचे असतील, तर आधी आपल्या गल्लीत विचारून घ्यावं. आणि सत्तरीनंतर मामाचं काम करायचं असेल, तर भाचा दणकट निवडावा.