वयनींची स्प्रिंगवाली सीट

२०१९ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि रुआबांध्यात आमच्या गल्लीत वयनी दिसायच्या आधी त्यांच्या सायकलची सीट ऐकू यायची. लेडीज सायकल, रुंद सीट, खाली दोन जाड स्प्रिंगा. कर्र-चूं, कर्र-चूं. तेल घाला म्हटलं तर म्हणायच्या, "राहू द्या भाऊजी. आपण येऊन राहिलो हे लोकाइले समजलं पाहिजे."

वयनी म्हणजे माझ्या स्टील प्लांटातल्या जोडीदाराची बायको. तो लवकर गेला. त्यांनी दवाखान्यात आयाचं काम करून मुलगी शिकवली. बोरसीला माझी थोरली बहीण असते, डोळ्यांनी अधू, गुडघे धरलेले. दर रविवारी वयनी तिकडे जाऊन तिचे पाय तेलाने चोळून द्यायच्या. नात्याच्या ना गोत्याच्या. "हात रिकामे राहिले तं गंजतात," एवढंच म्हणायच्या.

मीही रोज बोरसीला जायचो, माझ्या डांड्याच्या काळ्या सायकलवर. सगळी नोकरी तिच्यावर केली. पण म्हातारपणी ती कडक चामड्याची सीट हाडाला लागायला लागली. उतरलो की पाय बधिर. फोमचं कव्हर घातलं, ते सरकलं. नातवाची गिअरची सायकल घेतली, तिने कंबर धरली. शेवटी सीटला गमछा गुंडाळला. वयनींनी तो पाहिला.

"सीटीले पट्टी कावून बांधली भाऊजी? दुखते तिले का तुमाले?"

सगळी गल्ली हसली. मग त्याच हळूच म्हणाल्या, "माझी नेऊन पाहा. टांग वर टाकाचं काम नाही, सरळ बसता येते."

"बायकांच्या सायकलवर मी बसणार नाही."

"जित्तेपणी नका बसू. मी मेल्यावर तं बसान!"

"तेव्हाही नाही."

त्याच वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी वयनींच्या छातीत कळ आली आणि त्या गेल्या. बहिणीच्या घरी मी फोनवर बजावलं, तिला कुणी सांगायचं नाही, मी येऊन सांगीन. पण डांड्याच्या सायकलवर बसवेना, मी अर्ध्या वाटेतून परत आलो. पोरगा म्हणाला, "पापा, जिद मत करो, गाडीवर मागे बसा." मी आयुष्यात कोणाच्या मागे बसलो नाही. रविवार येत राहिले, जात राहिले.

आम्ही विहारात जाणारी माणसं, भूतखेत मानत नाही. तरी सांगतो, रविवारी सकाळी त्यांच्या निघायच्या वेळेला मला ती स्प्रिंग ऐकू यायची. बाहेर येऊन पाहावं तर सायकल समोर त्यांच्या वऱ्हांड्यात उभी. सीटवर धूळ, आणि बसून बसून पडलेले दोन खळगे. आत्ताच वयनी उठून आत गेल्यासारखे.

एका शनिवारी बहिणीचा फोन आला. "ती रागावली का रे माह्यावर? माझं काही चुकलं असन तं तिले म्हण, माफ कर."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं; मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वयनींच्या मुलीकडून किल्ली घेतली, धूळ न पुसताच सीटवर बसलो आणि निघालो. बोरसीपर्यंत कुठेच दुखलं नाही. कोण हसलं तेही पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी मागे बसून चाललोय, असं वाटत होतं.

बहिणीच्या दारात स्प्रिंग वाजली. आतून आवाज आला, "आली का वं माय? किती दिवस लावले!"

मी सायकल भिंतीला टेकवली. आत जाऊन तेलाची बाटली घेतली, खाली बसलो आणि तिचा पाय मांडीवर घेतला. माझा हात लागला तशी तिने तो चाचपून ओळखला आणि पदर डोळ्यांना लावला. मी चोळत राहिलो.